बाळंतिणीचं पोतं

माझा भरतेश माझ्याशी खोटं बोलत नाही. तो सांगत नाही, एवढंच. आणि पकडला की म्हणतो, "आई, सांगणारच होतो." शाळेत नापास झाला तेव्हाही सांगणारच होता. पुण्यात परस्पर मुलगी पसंत करून आला तेव्हाही सांगणारच होता. त्याच्या बापामागं मी पशुखाद्याचा अख्खा कारखाना त्याच्या हातात दिला, तरी ही खोड गेली नाही. आमचा शिरोळ डेपो सांभाळणाऱ्या धनपाल चौगुलेला त्यानं कामावरून काढलं, तेही मला त्याच्या तोंडून कळलं नाही. देवळाच्या पायरीवर कळलं.

सकाळी आमच्या जैन बस्तीत अभिषेक आटोपून मी चप्पल शोधत होते. समोरून धनपालची बायको राजमती आली. रोज लांबूनच हात जोडून 'जय जिनेंद्र, आक्का' म्हणणारी बाई. त्या दिवशी तिनं पदर सारखा केला आणि मी जणू दगडी खांब असल्यासारखी माझ्या अंगावरून पुढं गेली.

अपमान गिळायची मला सवय नाही. मी तिथंच हाक मारली.

"राजमती, डोळ्यांत फूल पडलंय का तुझ्या?"

ती थांबली, पण वळली नाही. "चांगलं दिसतंय मला, आक्का."

"मग मी दिसले नाही?"

"दिसलासा की." आता ती वळली. डोळे सुजलेले. "चोराच्या बायकोनं मालकिणीला कुठल्या तोंडानं जय जिनेंद्र करायचा, ते कळंना म्हणून गप हुते."

"कोण चोर?"

"आमचं मालक. तुमच्या कारखान्याच्या भिंतीवर दिसतंय म्हणं. तांबड्या रंगात."

आजूबाजूच्या बायकांच्या चप्पला एकाएकी सापडेनाशा झाल्या. मी राजमतीचा दंड धरला आणि तिच्याच घराची वाट धरली.

धनपाल ओसरीवर बसला होता. मला बघून उठला. हा माणूस आमच्याकडं आला तेव्हा कारखाना म्हणजे एक पत्र्याची खोली होती. मी पेंड मोजायची, माझे मालक कालवायचे आणि धनपाल पोत्यांची तोंडं शिवायचा. पुढं शिरोळला डेपो निघाला तेव्हा चावी त्याच्याकडं दिली, ती त्याच्या कमरेला करदोट्यात असायची. बोलताना तिच्याशी चाळा करायची सवय होती त्याला. आज हात कमरेशी गेला आणि रिकामाच परत आला.

"चावी कुठं गेली?"

"दिली, आक्का. अण्णांनी माणूस पाठवला हुता."

"भरतेश स्वतः आला नाही?"

"फोन केला की. म्हणाले, धनपालमामा, आता तुम्ही विश्रांती घ्या."

"मामा म्हणाला?"

"मामाच म्हणत्यात ते पहिल्यापासून."

"मामा म्हणून काढलं. मोठा गुणाचा भाचा." मी ओसरीवर टेकले. "कशापायी?"

"शिरोळच्या गोदामात तीनशेच्या वर पोती कमी दाखवत्यात. मी म्हटलं, गोदाम उघडतो, पुन्हा मोजून घ्या. म्हणाले, गरज नाही, बोर्डवर दिसतंय."

"कमी आहेत?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. ती नजर मला अजून विसरता आलेली नाही. "आक्का, तुम्हीपण विचारणार?"

"मीच विचारणार. दुसऱ्या कुणी विचारलं नाही म्हणून तर तू घरात बसलायस."

"एक पोतं इकडचं तिकडं नाही," तो म्हणाला. "उंदरांनी फाडलेली दोन सोडून."

राजमतीनं चहा पुढं केला. धनपालच्या घरचा चहा मी कधी नाकारला नव्हता. त्या दिवशी नाकारला. म्हटलं, "परत आल्यावर घेईन."

त्या बोर्डाबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. त्या वर्षी आमच्याकडं घर बदलणं चाललं होतं. कारखान्याचं नव्हे, संगणकाचं. आमच्या दर डेपोत एक जुना संगणक होता, आणि दर संगणकाची तऱ्हा वेगळी. ते सगळं गुंडाळून एकाच मोठ्या नव्या सिस्टीममध्ये न्यायचं होतं. त्याला ते मायग्रेशन म्हणत. हे काम बघत होती माझी सून त्रिशला. लग्नाआधी पुण्यात कंपन्यांची असलीच घरं बदलून द्यायची ती. तिनं मीटिंगच्या खोलीत भिंतभर पडदा लावून घेतला. त्यावर दर डेपोचा एक चौकोन, आणि एखादा ग्राहक अडला तर त्याचाही. कुठलं सामान पोचलं, कुठलं अडलं, जुन्यातलं नव्याशी जुळतंय का नाही, ते त्या चौकोनाच्या रंगावरून कळायचं. जुळलं तर हिरवा, अर्धवट असेल तर पिवळा, अडलं तर तांबडा. सगळी भिंत हिरवी झाल्याशिवाय जुना संगणक बंद करायचा नाही, असा तिचा नियम होता. याला बिझनेस इंटेलिजन्स म्हणतात, म्हणजे धंद्याची अक्कल, असं तिनं मला समजावलं होतं. मी म्हटलं होतं, आमची अक्कल डोक्यात असायची, तुम्ही भिंतीला टांगली का? तेव्हापासून मी तिला भिंत रंगवणारी म्हणायची. मी चौथीतून उठलेली बाई. पण रंग मला कळतात.

अक्षय्य तृतीयेला भिंत हिरवी झाली आणि नवी सिस्टीम चालू झाली. तेव्हापासून तेच चौकोन हिशेबातली आणि गोदामातली पोती जुळतात का, ते दाखवायचे. पुण्याच्या एका मोठ्या दूध कंपनीची माणसं मुद्दाम बघायला आली होती. त्यांच्या सगळ्या गोठ्यांना आमचं खाद्य जायचं घाटत होतं, आणि भरतेश त्यापायी वर्षभर हवेत होता.

धनपालच्या घरून मी थेट कारखान्यावर गेले. भरतेश त्या भिंतीसमोरच उभा होता.

"आई, मी सांगणारच होतो."

"बस्तीतल्या सगळ्या बायकांना सांगून झाल्यावर?"

"बस. पाणी घे."

"मी तहानलेली नाही. धनपालला चोर कुणी ठरवलं?"

"कुणी ठरवलं नाही. हे मी म्हणत नाही, डेटा म्हणतोय."

"मग त्याला बोलाव. मला त्याच्याशीच बोलायचंय."

दारातला एक पोरगा हसला आणि भरतेशनं बघताच निघून गेला. भरतेशनं पडद्यावर बोट ठेवलं. बाकीचे डेपो कुठं हिरवे, कुठं पिवळे. शिरोळ एकटं तांबडं, रक्ताळल्यासारखं.

"सिस्टीमच्या हिशेबानं एवढी पोती गोदामात पाहिजेत. आणि महिन्याच्या मोजणीत भरली एवढी. मधली कुठं गेली? पुण्याची माणसं परत आली होती. त्यांनी पहिलं बोट शिरोळवर ठेवलं. विचारलं, या डेपोवर कोण आहे? मी काय सांगायचं त्यांना?"

"धनपालला विचारून सांगतो, असं सांगायचं."

"असं चालत नाही आता."

"विचारणं चालत नाही?"

तो दमल्यासारखा हसला. माणूस आईला समजावताना हसतो तसा. "आई, तो आपला जुना माणूस आहे, मला वाईट वाटत नाही का? पण वय झालं की हात सैल होतो माणसाचा."

"धनपालपेक्षा माझं वय जास्त आहे," मी म्हटलं. "माझे हात तपासणार का?"

तो पडद्याकडं वळला. मीही निघाले. पण खरं सांगते, जिना उतरताना तो तांबडा चौकोन माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. यंत्राला धनपालशी काय वैर? ते कशाला त्याच्यावर आळ घेईल? याच शंकेनं मी ड्रायव्हरला म्हटलं, "शिरोळ."

डेपोत धनपालच्या खुर्चीवर ऑफिसातून पाठवलेला सुमित नावाचा नवा माणूस बसला होता. समोर घालवाडची एक बाई उभी. डोक्यावर चुंबळ तशीच, अंगावर गोठ्यातलं लुगडं. मला दोघांनी बघितलं नाही.

"म्हस व्याली," ती सांगत होती.

"ते कळलं मावशी. नाव सांगा."

"म्हशीचं?"

"तुमचं. मोबाईल नंबर सांगा. आधार आणलंय?"

"पोतं म्हशीला पायजे. आधार माझं कशाला?"

"त्याशिवाय सिस्टीम पोतं सोडत नाही."

"धनपालमामा सोडायचं की."

"म्हणून तर ते घरी बसलेत," सुमित म्हणाला.

मी काठी जमिनीवर आपटली तेव्हा तो खुर्चीतून उठला.

आमच्याकडं एक रीत आहे. मी नवी नवरी होते तेव्हा आमची पहिली म्हैस व्याली आणि घरात मूठभर पेंड नव्हती. पेठेतल्या दुकानदाराकडं गेले तर तो म्हणाला, आधी घरातल्या पुरुषाला पाठव. पुरुष बाहेरगावी. म्हैस आटली. रेडकू चार दिवसांत गेलं. पुढं आमचा कारखाना झाला तेव्हा मी सांगितलं, की आपल्या कुठल्याही डेपोत कुणीही आलं आणि म्हस व्याली, गाय व्याली म्हणालं, की एक पोतं द्यायचं. पैसे घ्यायचे नाहीत, कागद मागायचा नाही, पुरुषाला पाठव म्हणायचं नाही. आलेल्या माणसाचा शब्द पुरे. धनपाल फक्त विचारायचा, रेडा झाला का रेडी? तेही चौकशीला नव्हे, कौतुकाला. संगणक आले तेव्हा ते नावाशिवाय पोतं सोडेनात. मग माझ्या मालकांनी त्यात एक ग्राहक घातला. नाव बाळंतीण. गाव नाही, फोन नाही. सगळ्या डेपोंतली ती पोती तिच्या नावावर जायची.

"बाळंतिणीच्या नावावर टाक," मी सुमितला म्हटलं.

"टाकून बघितलं, आक्का. असा ग्राहक नाही म्हणतंय."

"काल होता."

"जुन्यात होता. नव्यात आलाच नाही."

"मग किती जणांना परत लावलंस?"

"रोज दोघं-तिघं येतात." त्यानं मान खाली घातली. "पाणी आणि हिरवा चारा भरपूर म्हणून नदीकाठची माणसं म्हशीच जास्त पाळतात. सगळ्यात जास्त इथंच येतात म्हणे."

सगळ्यात जास्त इथंच. हे तो सहज बोलून गेला. माझ्या डोक्यात मात्र कुठंतरी खट्कन कडी निघाली.

"माझ्या नावावर टाक."

त्यानं घाबरत घाबरत बटणं दाबली. मग पडद्याकडं बघत म्हणाला, "आक्का, तुम्हीपण ग्राहक नाही."

"बरं झालं. म्हणजे मला कुणी अडवायला नको." मी त्या बाईला म्हटलं, "चल गं, एक टोक तू धर."

पोतं तिच्या डोक्यावर चढवून दिलं. माझी कमर दोन दिवस बोलत होती. जाताना मी विचारलं, "रेडा का रेडी?"

"रेडी," ती हसली. "मामा कुठं गेल्यात? ते इचारायचं."

आम्ही सूर्य मावळायच्या आत जेवतो. त्या संध्याकाळी भरतेश अजून आला नव्हता. त्रिशला वाढत होती. ती मला आत्ती म्हणते, आमच्या भागात सुना सासूला तेच म्हणतात. तिच्यात आणि माझ्यात प्रेम ऊतू जात होतं असं कुणी म्हणणार नाही. ती हुशार आहे याचं मला वावडं नव्हतं. ती ते झाकत नाही, याचं होतं.

"तुझ्या भिंतीनं आमची बाळंतीण खाल्ली," मी म्हटलं.

तिनं डाव भांड्यात ठेवला. "भिंतीनं खाल्ली नाही, आत्ती. भिंतीनं अडवून धरली होती."

"मला कोडी घालू नकोस."

"नव्या सिस्टीममध्ये प्रत्येक ग्राहकाला गाव लागतं, नंबर लागतो. बाळंतिणीला काहीच नव्हतं. म्हणून ती जाईना. माझ्या बोर्डवर बाकी सगळं हिरवं झालं आणि तिचा एकच चौकोन तांबडा राहिला. आठवडे झाले तरी तांबडा. मी माझा नियम सोडला नाही. म्हटलं, हे कोण आहे ते कळल्याशिवाय जुना संगणक बंद होणार नाही."

"मग विचारायचं."

"विचारलं. तुमच्या मुलाला." ती खाली बसली. "ते हसले. म्हणाले, आईचा जुना दानधर्म आहे. लहानपणी शाळेतून आलो की मीच ती पोती ओढून द्यायचो. म्हणाले, कचरा आहे, काढ. अक्षय्य तृतीयेला भिंत हिरवी पाहिजे."

बाहेर कुठं तरी कुकरची शिट्टी झाली. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच धरून राहिले.

"आणि तू काढलीस."

"बाजूला ठेवली. पुसली नाही."

"मोठे उपकार. आणि शिरोळ का तांबडं झालं?"

"त्याचमुळे. बाळंतिणीची पोती गोदामातून खरोखर बाहेर गेली होती. पण तिच्या नोंदी नव्यात आल्या नाहीत, म्हणून नव्या सिस्टीमला वाटतंय ती पोती अजून आतच असायला हवीत. ती शोधते आणि सापडत नाहीत. बऱ्याच डेपोंत थोडी थोडी कमी दिसतात. शिरोळला म्हशी जास्त, म्हणून तिथं सगळ्यात कमी."

"हे भरतेशला कळलं नाही?"

तिनं भांड्यावर झाकण ठेवलं.

"शिरोळ तांबडं झालं त्याच दिवशी मी त्यांना सांगितलं."

"धनपालला काढायच्या आधी का नंतर?"

"आधी, आत्ती."

हातातला तुकडा मी ताटात ठेवला. मला वाटत होतं पोरगा आंधळेपणानं वागला. पडद्याचं ऐकलं, माणसाचं ऐकलं नाही. आजकालची पोरं तशीच. त्यावर चार शब्द ऐकवून मी गप्प बसले असते. पण पडदा तर खरंच बोलत होता. एकदा नाही, दोनदा. आणि दोन्ही वेळा यानं तो रंगवून घेतला. पुण्याच्या माणसांपुढं 'मीच ती नोंद काढायला लावली' म्हणायची लाज वाटली, म्हणून धनपालचं नाव पुढं केलं. धनपाल, ज्याच्या खांद्यावर बसून हा पहिल्यांदा शिरोळची जत्रा बघून आला होता.

"मला का नाही सांगितलंस?" मी सुनेवर गुरकावले.

"तुम्ही मला भिंत रंगवणारी म्हणता. ऐकलं असतं तुम्ही?"

"नसतं ऐकलं. तरी सांगायचं असतं."

तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली. मग म्हणाली, "आता सांगितलं."

"बाळंतीण परत आणता येते?"

"जेवण उरकेपर्यंत आणते."

"आज आणू नकोस. उद्या डेपोवाल्यांची मीटिंग आहे ना?"

"आहे. पुण्याची माणसंही येणार आहेत."

"मग उद्या आण. सगळ्यांपुढं."

भरतेश आला तेव्हा मी माळ घेऊन बसले होते. त्यानं विचारलं, "आई, बरं नाही का?" मी म्हटलं, "उद्या बरं वाटेल."

दुसऱ्या दिवशी धनपालकडं मोटार पाठवली. मोटार रिकामी परत आली. तो मागून आपल्या सायकलवर आला, इस्त्रीचा सदरा घालून, आणि मीटिंगच्या खोलीच्या दाराशीच उभा राहिला. आत डेपोवाले बसले होते, पुण्याहून आलेल्या एक अधिकारी बाई आणि त्यांच्याबरोबरचे दोघं. भरतेश भिंतीपुढं उभा राहून बोलत होता. मला बघून थांबला.

"आई, तू? बस ना."

"खुर्ची राहू दे. उभ्यानं होणारं काम आहे." मी त्या बाईंकडं वळले. "बाई, तुम्ही शिरोळवर बोट ठेवलंत, बरोबर केलंत. बोट ठेवायलाच तो बोर्ड असतो. पण ज्याच्यावर बोट पडलं तो माणूस दाराशी उभा आहे. त्याला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून आणलाय."

"आई, आपण हे घरी बोलू," भरतेश हळू आवाजात म्हणाला.

"धनपालला घरी काढलंस का?"

डेपोवाले टेबलाकडं बघायला लागले. मी सुनेला म्हटलं, "आण गं तिला."

त्रिशला कोपऱ्यात तिच्या यंत्रापुढं बसली होती. नवऱ्यानं तिच्याकडं बघितलं. तिनं बघितलं नाही. बोटं चालली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पडद्यावरचे पिवळे चौकोन एकेक करून हिरवे व्हायला लागले. निपाणी, गडहिंग्लज, तासगाव. शेवटी शिरोळ. पण ते हिरवं झालं नाही. पिवळं होऊन थांबलं.

"दोन पोती अजून कमी आहेत," त्रिशला म्हणाली.

"उंदीर," दाराशी धनपाल म्हणाला.

सगळे हसले. पुण्याच्या बाईही हसल्या. मग त्यांनी चष्मा काढला आणि भरतेशला विचारलं, "ही नोंद आधी का नव्हती?"

आणि माझा मुलगा, जो माझ्याशी कधी खोटं बोलत नाही, सगळ्यांपुढं म्हणाला, "टेक्निकल अडचण होती, मॅडम. एवढ्या मोठ्या मायग्रेशनमध्ये एखादी नोंद सुटून जाते. आत्ताच लक्षात आलं आमच्या."

मला घाम फुटला. रागानं माणसाला घाम फुटतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

"भरतेश," मी म्हटलं, "एकच विचारते. शिरोळ का तांबडं झालंय, हे धनपालला काढायच्या आधी तुला माहीत होतं का नव्हतं?"

तो त्रिशलाकडं बघत होता. आता तीही त्याच्याकडं बघत होती, आणि तिनं डोळे खाली घातले नाहीत. मग त्यानं दाराकडं बघितलं. धनपालचा हात कमरेशी गेला होता, नसलेल्या चावीपाशी.

"आई," भरतेश म्हणाला, "मी सांगणारच होतो."

कुणीही हसलं नाही. सुमित मागच्या खुर्चीवर होता. मी हात पुढं केला, त्यानं शिरोळची चावी माझ्या हातावर ठेवली. ती मी धनपालला नेऊन दिली. त्याच्या पाया पडले असते, पण त्यानं ते होऊ दिलं नसतं. मग वळले आणि माझ्या मुलाला सगळ्यांपुढं सांगितलं. आज इतकी वर्षं झाली, त्यातला एक शब्द मी मागं घेतलेला नाही.

"ऐक भरतेश. पुण्याच्या बाईंचं काम आपल्याला मिळेल न मिळेल, ते त्या बघतील. त्या भिंतीचा काही दोष नाही. ती खरं बोलत होती, तू तिचं तोंड रंगवलंस. आजपासून कारखान्यात सही त्रिशलाची चालेल. तिनं उशिरा सांगितलं, पण सांगितलं. तू उद्यापासून शिरोळला जायचंस, धनपालच्या हाताखाली. तिथं बाया येतील, म्हस व्याली म्हणतील. त्यांना कुठलं पोतं द्यायचं, ते धनपाल सांगेल, तू नुसतं उचलून द्यायचंस. या घरानं आजवर कुणाही परक्या बाईच्या नुसत्या शब्दावर पोतं दिलंय. तुझ्या शब्दावर इथून एक पोतंही हलणार नाही."